कमरेशी ठेवलेले दोन इंच

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बाईच्या ब्लाउजला हूक लावत होते. बुधवार, सकाळचे सव्वासात. हॉस्पिसची, शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा करणारी नर्स बोलत होती, हळू आवाजात, शिकवल्यासारखं. मी थँक यू म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेले तीन हूक लावून मगच उठले. हे मी लपवत नाही. चौतीस वर्षांची ओळख, शेवटचे सात महिने रोजचा डबा माझा, त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे, हॉस्पिसच्या फॉर्मवर नाव माझं... आणि डोळ्यांतून टिपूस नाही. चहा टाकला आणि पहिला विचार आला तो असा, की सुटले. गेलेलं माणूस सुटलं असं म्हणायची आपल्यात पद्धत आहे. मी माझ्याबद्दल म्हणत होते.

दुसऱ्याच आठवड्यात पुरवणीच्या संपादकबाईंचा फोन. "शैलाताई, तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं जवळचं त्यांना कुणी नव्हतं. छान छान आठवणी द्या." छान छान! तसल्या आठवणी हव्या असतील तर त्या म्युझियमच्या लोकांनी लिहिल्यात की. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे बायकांचे कपडे आणि त्याच वर्षांत काढलेली बायकांची चित्रं, या विषयातल्या मोठ्या जाणकार, मोठी मोठी प्रदर्शनं, एक जाडजूड पुस्तक, पुण्याची मुलगी शिकागोत येऊन अमेरिकनांना त्यांच्याच पणज्यांचे झगे समजावून सांगते वगैरे. सगळं खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण मी शिकागोजवळ शॉमबर्गमध्ये घरी बसून ब्लाउज शिवणारी बाई. मला त्यांचं पुस्तक कमी आणि जीभ जास्त माहीत आहे. तेव्हा मी तेच लिहिणार. संपादकबाईंना चालत नसेल तर त्यांनी पाककृती छापावी.

आमची पहिली भेट इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. मी सव्वीस वर्षांची, सुधीरबरोबर इथे येऊन सहा महिने झालेले, आरतीला कोपऱ्यात उभी. मागून कुणीतरी माझा पदर ओढला. वळून बघते तर एक उंच बाई, आखूड केस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि माझ्या पदराचं टोक उलटं करून ट्यूबलाइटखाली धरलेलं. आरती चालू, बरं का! "हे टाके कुणी घातले?" मी म्हटलं, मीच. "सरळ आहेत," त्या म्हणाल्या, "तुझं बाकीचं सगळं गबाळं आहे, पण टाके सरळ आहेत. सोमवारी म्युझियममध्ये ये." शेजारच्या चौघी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. घरी येऊन मी रडले. सुधीर म्हणाला, अजिबात जायचं नाही असल्या बाईकडे. सोमवारी सकाळी मी ट्रेनमध्ये होते. का गेले, देव जाणे. घरात बसून वेड लागायची पाळी आली होती, हे एक. आणि दुसरं म्हणजे, माझ्या टाक्यांकडे इतकं निरखून आजवर कुणी बघितलं नव्हतं.

म्युझियमच्या तळघरात त्यांची खोली होती. भिंतीवर घड्याळ नाही, खिडकी नाही, मोठमोठी टेबलं आणि त्यांवर खोक्यांमध्ये पातळ पांढऱ्या कागदात निजवलेले झगे. कमरेमागे उशी बांधून फुगवलेले घोळ, छातीपासून ओटीपोटापर्यंत आत शिवलेल्या ताठ पट्ट्या, मनगटाशी वीस वीस गुंड्या. रेशमाला वजन यावं म्हणून त्या काळी त्यात धातूचे क्षार घालत, त्यामुळे ते रेशीम आता कुणी हात न लावताही चिरत होतं. माझं काम त्याला खालून जाळीचं कापड लावून आधार द्यायचं, आणि प्रदर्शन असलं की चित्रातल्यासारखे नवे झगे शिवून द्यायचे. एका बाजूला चित्राचा फोटो, दुसऱ्या बाजूला खरा झगा, आणि मध्ये कुमुदताई. "आधी उलटा कर," हे त्यांचं पहिलं वाक्य, कुठलाही कपडा हातात आला की. "चित्रकार कंबर बारीक करू शकतो, शिंप्याला ते जमत नाही. बाहेरून काय बघतेस? बाहेरचं लोकांसाठी असतं." मग आतून एकेक शिवण दाखवायच्या. इथे उसवलंय. इथे पुन्हा घेतलंय. इथे घामानं अस्तर कुजलंय, म्हणजे बाई नाचायची. इथे एकाच बाजूचा घोळ झिजलाय, म्हणजे पाय ओढत चालायची, आणि चित्रात बघ कशी राणीसारखी उभी केलीय. त्याच सुमाराला आपल्याकडच्या बायका नऊवारीवर झालरीची पोलकी घालून, मान आखडून फोटोला बसत होत्या, तीही पोलकी त्यांनी कुठून कुठून मिळवून ठेवलेली. एकदा एक पोलकं माझ्या पुढ्यात टाकून म्हणाल्या, "ही बाई डावखुरी होती आणि नवरा मारायचा. डाव्या मनगटाशी कापड झिजलंय, आणि उजवी बाही खांद्याशी तीनदा फाटलीय, तीनदा शिवलीय." माझ्या अंगावर काटा आला. त्यांच्या नाही. त्या जेवायला गेल्या.

त्यांना दिसायचं ते बोलल्याशिवाय राहवायचं नाही, एवढाच त्यांचा गुन्हा, असं त्यांचे चाहते म्हणतात. एवढाच! मंडळाच्या हळदीकुंकवाला एकीनं हौसेनं ऑनलाइन मागवलेली शिवलेली नऊवारी नेसली होती, तर सगळ्यांसमोर जाऊन मागची चेन अशी बोटानं खालीवर केली आणि म्हणाल्या, "पँटच घालायची होतीस की." ती बिचारी पुन्हा मंडळात आली नाही. आणि त्या म्हाताऱ्या अमेरिकन बाईचं तर मी कधीच विसरणार नाही. तिच्या घराण्यानं म्युझियमला एक चित्र दिलं होतं, आणि चित्रात जो झगा आहे तो खराखुरा झगाही. करड्या रेशमातली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, कंबर ही एवढीशी, हातात जांभळी फुलं. म्हातारीची आजी ती. लग्न ठरल्यावर मुद्दाम काढून घेतलेलं चित्र, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले. त्यावर कुमुदताईंचं व्याख्यान होतं, सभागृह भरलेलं, म्हातारी पहिल्या रांगेत नटूनथटून बसलेली. आणि या बाईनं पडद्यावर झग्याची आतली बाजू दाखवली. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून वाढवल्याच्या खुणा, पुढच्या हुकांची रांग सरकवलेली, नंतर पुन्हा आवळलेली, आणि हे सगळं लग्नाच्या आधी. "चित्रकारानं फुलं कमरेसमोर दिली आहेत, ती उगाच नाही," त्या म्हणाल्या. लोक हसले. म्हातारी काठी टेकत टेकत मधूनच उठून गेली, दार लोटायला तिला जड जात होतं आणि आम्ही सगळे बघत बसलो. परतताना गाडीत मी म्हटलं, "ताई, आधी तिला एकटीला सांगायचंत हो." तर म्हणाल्या, "का? आजी तिची असेल, झगा माझा आहे." आणि रेडिओ लावला.

आता कुणी म्हणेल, इतकं होतं तर चौतीस वर्षं राहिलीस कशाला त्या बाईबरोबर. त्याचंही कारण सांगते. अनु, आमची मुलगी, तेव्हा शाळेत होती. कुमुदताई रविवारी जेवायला आल्या होत्या आणि सुधीर पाणी द्यायला वाकला. त्या त्याच्या गळ्याकडे बघत राहिल्या. तो आत गेल्यावर मला म्हणाल्या, "नवऱ्याच्या कॉलरकडे बघितलंयस का? शर्ट जुना आहे, गुंडी तीच आहे, आणि आत दोन बोटं जातील एवढी जागा झालीय. त्याला डॉक्टरकडे ने. उद्याच्या उद्या." मी चिडले. माझ्या नवऱ्याची मान मला दिसत नाही आणि यांना दिसते! पण नेलं. निघालं ते मोठंच दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन महिने उशीर झाला असता तर काही हाती लागलं नसतं. सुधीर त्यानंतर दीड वर्ष जगला, अनुचं शाळेचं ग्रॅज्युएशन बघून गेला. ते दीड वर्ष मला त्या बाईच्या डोळ्यांनी दिलं. तो गेल्यावर सव्वा महिना रोज सकाळी त्या गाडी घेऊन यायच्या आणि मला म्युझियममध्ये नेऊन बसवायच्या. सांत्वनाचा एक शब्द नाही. "रेशमावर रडू नकोस, डाग पडतो," एवढंच.

मग अनुचं लग्न ठरलं. ईशान, कॅरी गावातला मुलगा, मराठी घर, सगळं जमून आलेलं. अनुला लहानपणी कुमुद मावशीनं म्युझियमभर फिरवली होती, त्यामुळे बाकीच्या मुली लेहंगा मागतात तर हिला रिसेप्शनला हवा होता शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या चित्रातला गाऊन. अंगाला चापूनचोपून बसलेली चोळी आणि मागे घोळ. मी माझा लग्नातला डाळिंबी शालू काढला आणि कात्री लावली. कुमुदताई ओरडल्या, "शालू कापतेस? खुनी आहेस!" पण दुसऱ्या दिवशी स्वतःच कागदावर कटिंग काढून आणलं. तीन आठवडे मी जन्मात शिवलं नाही असं काही शिवत होते. आणि त्याच तीन आठवड्यांत एका दुपारी अनु माझ्या शिवणाच्या खोलीत येऊन जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आई, आय ॲम प्रेग्नंट." ईशानला माहीत होतं. त्याच्या आईला लग्न होईपर्यंत कळता कामा नये, असं त्याचं म्हणणं, कारण त्याची आई त्या बाबतीत अगदी सोवळी. "फक्त तुला सांगतेय. ओन्ली यू. कुमुद मावशीला पण नाही." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आणि मी ती पाळली. जिवंत माणसाला एक शब्द बोलले नाही.

कुमुदताईंनी केळवण केलं. म्हणजे घर त्यांचं, स्वयंपाक माझा. ईशान आणि त्याची आई लग्नाचा हॉल बघायला म्हणून कॅरीहून आले होते, मंडळातले आठ-दहाजण होते. गाऊन माझ्याकडून आदल्या आठवड्यातच नेऊन त्यांनी दिवाणखान्यात पुतळ्यावर चढवून ठेवला होता, आणि तो खरंच असा दिसत होता की माझीच दृष्ट लागेल. पानं वाढली, श्रीखंड वाढलं. ईशानची आई कौतुकानं म्हणाली, "अनु यात अगदी चित्रातल्या बाईसारखी दिसेल." आणि कुमुदताई, वाटीत चमचा फिरवत, व्याख्यान देतात त्याच आवाजात म्हणाल्या, "चित्रातली बाई एकटी आहे. आपली अनु दोन जिवांची."

ईशानच्या आईनं मुलाकडे बघितलं. "काय रे?" आणि तो पठ्ठ्या, सहा फूट उंच, ताटाकडे बघत म्हणाला, "मला काही माहीत नाही." अनुनं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. ती नजर... जाऊ दे. बोटातली अंगठी काढून तिनं पानाशेजारी ठेवली, पर्स घेतली आणि गेली. लग्न कॅन्सल केलं, हॉल कॅन्सल केला. बाराव्या दिवशी मूलही राहिलं नाही. हॉस्पिटलात ती एकटी होती, मला कळवलं नाही. नंतर एक फोन आला, रडणं नाही, काही नाही. "दोन्ही गोष्टी संपल्या, आई. आय टोल्ड ओन्ली यू." पुढे तिनं जर्सी सिटीत नोकरी घेतली. चार वर्षं. दिवाळीला एक मेसेज, हॅपी दिवाली, बस. माझं एकुलतं एक माणूस जिवंत आहे एवढं मला फोनच्या पडद्यावर कळायचं.

मी कुमुदताईंकडे गेले होते, त्याच आठवड्यात. म्हटलं, "का बोललात?" तर म्हणाल्या, "खोटं होतं का?" मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" "मला कुणी सांगावं लागत नाही." मी अक्षरशः त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, एवढंच अनुला सांगा. एक फोन करा की आईनं सांगितलेलं नाही, मीच ओळखलं. चेहऱ्यावरून, चालण्यावरून, जशावरून ओळखलंत त्यावरून. तर चष्मा पुसत म्हणाल्या, "नाही करणार." कारण नाही, काही नाही. नुसतं नाही करणार. मी त्यांना तोंडावर म्हटलं, तुम्हाला मूल नाही ते बरंच झालं, त्याचीही शिवण उसवून बघितली असतीत. असं बोलले मी, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पुतळ्यावरचा गाऊन उतरवून घरी आणला आणि तीन वर्षं मी त्यांचं तोंड बघितलं नाही.

मग त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. जवळचं असं कुणीच नव्हतं, मला फोन केला. मी गेले, आणि वाचकहो, मी माणुसकीनं गेले नाही. मला त्यांच्याकडून तो एक फोन हवा होता. मरायच्या आधी हवा होता. वरणभात, मऊ खिचडी, ताकातली भाकरी, रोज डबा भरायचा आणि रोज विचारायचं, "आज करता का अनुला फोन?" "आज दमले." "आज करता का?" "उद्या बघू." त्यांचे कपडे मी आवळून देत होते, दर पंधरा दिवसांनी अर्धा इंच, अर्धा इंच, आणि टाके घालताना मनात मोजत होते की अजून किती वेळ उरलाय माझ्या कामासाठी. एकदा सुई त्यांना टोचली. चुकून टोचली असं मी म्हटलं.

शेवटच्या रविवारी त्यांनी आपणहून हात पुढे केला. "दे तो फोन." मी त्यांच्याच फोनवर अनुचा नंबर लावून दिला. घंटी वाजायला लागली. त्या म्हणाल्या, "कशावरून कळलं असं ती विचारेल. मी खरं तेच सांगेन हं." "खरं तेच सांगा की!" "मग आधी तू ऐक. गाऊन उलटा करून बघितला मी पुतळ्यावर चढवताना. सगळीकडे शिवणीच्या आत अर्धा इंच मार्जिन, मी शिकवलंय तसं. आणि कमरेशी, फक्त कमरेशी, दोन्ही बाजूंना दोन दोन इंच. वर अस्तराखाली दुमडून हातटाका घालून लपवलेलं. तू सरळ टाक्यांची बाई आहेस, शैला. तुला माहीत असल्याशिवाय तू तसं ठेवलं नसतंस." घंटी वाजत होती. "मला तूच सांगितलंस," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी नाही."

मी त्यांच्या हातातून फोन हिसकावला आणि बंद केला.

मला खरंच आठवत नव्हतं हो. म्हणजे ठेवलं होतं ते आठवत होतं. लग्नाला अजून पाच आठवडे होते, तोवर पोरीचं अंग भरणार, ऐन रिसेप्शनमध्ये तिला श्वास घेता यायला हवा, म्हणून ठेवलं होतं. आईनं ठेवू नये तर कुणी ठेवावं? पण त्या बाईसमोर कपडा ठेवणं म्हणजे तिच्यासमोर तोंड उघडणं, हे तीस वर्षं तिच्या हाताखाली काढून माझ्या डोक्यात कसं आलं नाही... कुमुदताई उशीवर डोकं टेकून माझ्याकडे बघत होत्या. "घाबरलीस ना? मग चार वर्षं मी गप्प बसले ते काय माझ्यासाठी?" मी डब्याचं झाकण लावलं, भांडी घासली आणि घरी आले. सोमवारी, मंगळवारी डबा पोचवला तो दारातूनच नर्सकडे दिला. बुधवारी सकाळी त्या गेल्या.

अंत्यविधी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अनुचा फोन आला. मेसेज नाही, फोन. कुमुद मावशीचा मिस्ड कॉल होता, मग बातमी कळली, म्हणाली. मग, "आई, जस्ट टेल मी वन थिंग. डिड यू टेल हर?" मी म्हटलं, "नाही, बाळा. एक शब्दही नाही." हे खरंच होतं. "मग तिला कळलं कसं? डिड शी एव्हर से?" आणि तिथे, माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून, मी म्हटलं, "कितीदा विचारलं गं. शेवटपर्यंत सांगितलं नाही तिनं." अनु रडायला लागली. चार वर्षांचं रडली. "काय भयंकर बाई होती," ती म्हणाली, "व्हॉट अ हॉरिबल वुमन." मी म्हटलं, "हो." मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं मी स्वतःला समजावलं. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला येते, असं म्हणून तिनं फोन ठेवला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आनंदानं आलं, दुसऱ्या कशानंही नाही.

ती यायच्या दिवशी सकाळी मी कपाटातून तो गाऊन काढला. अनु तो बघायला मागणार हे मला ठाऊक होतं. उलटा केला, अस्तराखालचे हातटाके उसवले, आणि कमरेशी ठेवलेलं ते जास्तीचं कापड दोन्ही बाजूंनी कापून टाकलं. जिथे तिथे अर्धा इंच करून टाकलं, अस्तर पुन्हा बसवलं, इस्त्री फिरवली आणि एअरपोर्टला निघाले. तिला मिठी मारली तेव्हा वाटलं, आता काही म्हणजे काही मागायचं नाही देवाकडे. घरी येऊन पिठलंभात खाल्ला तिनं, दोनदा वाढून घेतलं. तिथल्या एका मुलाबद्दल सांगितलं, चांगला आहे म्हणाली. मग हात पुसत शिवणाच्या खोलीत गेली. "तो ड्रेस कुठाय? आय वॉन्ट टु सी इट."

मी दिला. मला वाटलं ती अंगाला लावून बघेल, आरशात बघेल. तिनं तो हातात घेतला आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर उलटा केला. टेबलावर पसरला, खिडकीकडे कड धरली आणि अंगठ्यानं शिवण चाचपत चाचपत काखेपासून खाली आली. मी ती हाताची चाल ओळखली. लहानपणी म्युझियमच्या तळघरात ती तासन्‌तास स्टुलावर बसायची तेव्हा आम्ही तिला चित्रकलेची वही द्यायचो, मला वाटायचं ती चित्रं काढते. कमरेशी बोट थांबलं, तिनं अस्तराची कड उचलून आत बघितलं. "आई, बाकी सगळ्या कडांवर तुझे हातटाके आहेत. इथे कड तशीच आहे. सुटी. आणि वर ही टाक्यांची भोकं..." तिनं अस्तरावर नख फिरवलं. "हे आत्ता कापलंयस. काय होतं इथे?"

मी जुनंच आहे म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं. केळवणाला बघितलं होतं तसं नाही, वेगळंच. टेबलाखालच्या चिंध्यांच्या टोपलीतून तिनंच त्या दोन डाळिंबी पट्ट्या काढल्या आणि शिवणीला लावून बघितल्या. बरोबर बसल्या. दोन दोन इंच. मग मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. शेवटच्या रविवारचं, फोन मी कट केला ते, कुमुद मावशी चार वर्षं का बोलली नाही ते, फोनवर मी तिला काय सांगितलं ते. शेवटी म्हटलं, "तुझ्यासाठीच ठेवलं होतं गं. तुला श्वास घेता यावा म्हणून ठेवलं होतं."

अनुनं त्या पट्ट्या एकावर एक ठेवून दुमडल्या. मग म्हणाली, चक्क मराठीत म्हणाली, "ते मला कळलं असतं. ते वाचून मला रडू आलं असतं, आई. मग कापलंस का?"

रविवारपर्यंत राहायचं तिकीट होतं, तेवढी राहिली. जेवली, भांडी घासली, शेजाऱ्यांकडे जाऊन आली. मी विचारलं त्याला हो-नाही बोलली. आता तीन आठवडे झाले, दिवाळी तर होऊन गेली, आणि पुढचा मेसेज कधी येईल मला माहीत नाही. संपादकबाईंनी आठवणी मागितल्या होत्या त्या या अशा आहेत. ड्रेस इथेच आहे, कपाटात. एअरपोर्टवरून परत आल्यावर बघितलं, तर टोपलीत त्या दोन पट्ट्या नव्हत्या. त्या ती घेऊन गेली.